होम थिएटरच्या वायरी: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

टीव्ही किती इंचांचा घ्यायचा यावर घरात पंधरा दिवस खल होतो. साउंडबार घ्यायचा की पाच स्पीकरचा सेट, यावर जावईबापूंपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचं मत घेतलं जातं. वायरींचा विषय मात्र निघतच नाही. दुकानदार बिलाच्या शेवटी घालून देतो त्या आपल्या. कधी अगदीच फालतू, तर कधी हौसेपेक्षा महाग. म्हणून या वेळी फक्त वायरी आणि त्या कुठे खुपसायच्या, एवढंच बोलूया.

इंदूरला माझ्या आत्याकडे पाच स्पीकर आणि सबवूफरचा सेट आला तो आजीसाठी. तिला हल्ली कमी ऐकू येतं. टीव्हीवरचं पार्श्वसंगीत कानावर पडतं, पण माणसं काय बोलतायत ते कळत नाही. पाच स्पीकरच्या सेटमध्ये संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, त्यामुळे निवड योग्यच होती. सेट लागला, दणदणाट झाला, आजीची तक्रार मात्र जिथल्या तिथे. मधला स्पीकर मुकाच होता! बसवायला आलेल्या माणसाने सांगून टाकलं, "केबल हलकी आहे, सहा हजारांची घ्या." आतोबा पैसे काढायलाही तयार झाले होते.

केबल ठणठणीत होती. टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल लावलेली, आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर. असं असेल तर ऑप्टिकलमधून फक्त डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात, मधल्या स्पीकरपर्यंत काही पोचतच नाही. ते 'बिटस्ट्रीम' केल्यावर ओटीटीवरच्या सिनेमातली माणसं स्पष्ट बोलू लागली. मालिकांचा आवाज बहुतेक वेळा मुळातच दोन चॅनेलचा असतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरवर 'डॉल्बी सराउंड' हा मोड लावला. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे बहुतेक वेळा संवाद, तो वेगळा काढून मधल्या स्पीकरला देतो. खर्च शून्य.

तेव्हा पहिली गोष्ट, नवी केबल घेण्याआधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. एचडीएमआयची तीन-चार भोकं दिसतील, पण त्यांतल्या बहुधा एकाच्याच शेजारी 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असेल. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे किंवा ॲम्प्लिफायरकडे परत पाठवायची सोय फक्त त्याच भोकात असते. साउंडबारची केबल दुसऱ्या भोकात गेली, तर केबल कितीही भारी असो, आवाज येणार नाही. एआरसी २००९ साली आलं, त्याची सुधारलेली आवृत्ती ई-एआरसी २०१७ साली. तुमच्या टीव्हीत नुसतं एआरसी असेल तर हळहळू नका. ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस ज्या आटोपशीर रूपात येतो, तो एआरसीमधूनही जाऊ शकतो, टीव्ही आणि साउंडबार दोघांना तो कळत असला म्हणजे झालं. ई-एआरसी खरं लागतं ते ब्लू-रेचा मूळ, न दाबलेला आवाज हवा असणाऱ्यांना. ऑप्टिकल मात्र साध्या ५.१ पर्यंतच जाते, ॲटमॉस तिच्यातून जात नाही.

एचडीएमआयचा आणखी एक फायदा म्हणजे एकाच रिमोटने टीव्ही आणि साउंडबार दोन्ही चालतात. या सोयीचं नाव सीईसी, पण कंपन्यांनी तिची बारशी वेगवेगळी केली आहेत. सॅमसंगमध्ये ती 'ॲनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक' या नावाने सापडेल. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. घरातल्या ज्येष्ठांना तीन रिमोट सांभाळायला लावणं हा छळच आहे.

एचडीएमआय: महाग म्हणजे चांगली?

एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात जातात. आकडे नीट पोचले की चित्र जसंच्या तसं उमटतं. नाही पोचले तर ठिपके चमकतात, आवाज तुटतो, पडदा मध्येच काळा होतो. "या केबलने रंग जास्त खुलतात" असं कोणी म्हणालं तर हसून पुढचं दुकान गाठा. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, त्यामुळे मुंबई, गोवा, कोची अशा दमट हवेत तो असलेला बरा, पण तो स्वस्त केबललाही असतो.

बघायचं ते केबलच्या पाकिटावरचं नाव. ४के टीव्ही, सेट टॉप बॉक्स, ओटीटीची काडी एवढंच असेल तर 'प्रीमियम हाय स्पीड' पुरे. ती सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेते. मुलांचा नवा गेमिंग कन्सोल असेल आणि टीव्ही १२० हर्ट्झचा असेल, तर 'अल्ट्रा हाय स्पीड' घ्या, तिची क्षमता ४८ गिगाबिट. या दोन्ही प्रकारच्या अस्सल केबलच्या पाकिटावर स्कॅन करून तपासता येणारं लेबल असतं. नुसतं '२.१ केबल' छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. २.१ हा आकडा टीव्हीसारख्या उपकरणांच्या सोयींचा असतो, केबलची ओळख तिच्या प्रकाराच्या नावाने होते.

लांबीही गरजेपुरतीच घ्या. दीड-दोन मीटरला काही प्रश्न येत नाही. पाच मीटरच्या पुढे, प्रोजेक्टरसाठी वगैरे, साधी तांब्याची केबल दगा देऊ लागते. तिथे फायबरची ॲक्टिव्ह केबल लागते आणि तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. ती उलटी लावली तर पडदा काळाच राहतो.

वाचलेले पैसे इथे घाला

स्पीकरच्या वायरीत मात्र तांबं किती आहे याला खरंच महत्त्व आहे. बाजारात 'सीसीए' नावाची स्वस्त वायर भरपूर मिळते. ती आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही, त्यामुळे तेवढ्याच जाडीत ती कमी पडते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक तार ब्लेडने खरवडायची. आत पांढरं दिसलं की ती वायर परत द्यायची. लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, दिल्लीचं लजपतराय मार्केट, बेंगळुरूचा एस. पी. रोड, अशा ठिकाणी वायर मीटरवर मिळते, तेव्हा तिथल्या तिथे खरवडून बघता येते. ८ ओहमच्या स्पीकरला पंधरा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तीच वायर सात मीटरपर्यंतच धरा, त्यापुढे २.५ची घ्या. जोडताना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरला उलटं लागलं तरी आवाज येतोच, पण ढोलाचा, तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणा जातो आणि कारण सापडता सापडत नाही.

घराचं काम सुरू असेल तर इलेक्ट्रिशियनला आत्ताच फोन करा. टीव्हीमागच्या भिंतीत विजेच्या पाइपपासून वेगळा, ४० ते ५० मिलिमीटरचा रिकामा पाइप टाकून घ्या आणि त्यात एक दोरी ओवून ठेवा. नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या पाइपात एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं. आज घातलेली केबल पाच-सात वर्षांनी बदलावी लागली, तर या दोरीमुळे भिंत फोडावी लागणार नाही. मागच्या स्पीकरच्या वायरी पीओपी होण्याआधीच वर सरकवून घ्या. भाड्याचं घर असेल तर केसिंग-कॅपिंगची पट्टी भिंतीच्या कडेने मारा. घर सोडताना ती निघते.

सगळं लावल्यावर सबवूफरमधून सतत 'भूंऽऽ' असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. भुणभुण थांबली तर दोष तिकडून येणाऱ्या अर्थिंगचा आहे, सबवूफर परत करायची गरज नाही.

आणि टीव्हीच्या मागे वाकलाच आहात तर सेट टॉप बॉक्सही बघून घ्या. कित्येक घरांत दर महिन्याला एचडी पॅकचे पैसे जातात आणि बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीवरच असतो. त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र येतच नाही. बॉक्सला एचडीएमआयचं भोक असेल तर आजच वायर बदला. बॉक्सच नुसता एसडीचा निघाला, तर एचडी पॅकचे पैसे कशाचे घेता, हे केबलवाल्याला विचारा.