आजारी कोंबडी हंडीत नको

मागच्या पंधरवड्यात एक बाई दोन लेकरांना घेऊन दवाखान्यात आल्या. दोघांनाही ताप, जुलाब, पोटात कळा. आदल्या दिवशी काय खाल्ले, असे विचारले तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, कोंबड्यांत मर लागली होती. चार गेल्या. पाचवी मान टाकायला लागली तशी कापली. वाया कशाला घालवायची?"

त्या कोंबडीनेच जुलाब झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पोरांचे हात, पिण्याचे पाणी, काहीही कारण असू शकते. पण "वाया कशाला घालवायची" हे वाक्य मी आजवर इतक्या घरांतून ऐकले आहे की आज त्यावर लिहायचे ठरवले.

उन्हाळ्याच्या तोंडी गावठी कोंबड्यांत जी मर लागते ती बहुधा मानमोडीची असते. उत्तराखंडातील राणीखेत गावाचे नाव या रोगाला मिळाले आहे. कोंबडी पंख गाळून बसते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, चोच उघडून श्वास घेते आणि पुढे मान वाकडी होते. रोग विषाणूचा. त्यामुळे टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात घालण्याचा जो घरगुती उपाय चालतो, त्याचा या रोगावर काडीचाही उपयोग नाही. उलट तेच औषध थोडे थोडे अंड्यांतून आपल्या पोटात जाते आणि जंतू त्याला सरावतात. मग खरी गरज पडते तेव्हा मी लिहून दिलेली गोळी लागू पडत नाही.

लोक म्हणतात, चांगली शिजवली की काही होत नाही. नीट शिजलेल्या मांसात जंतू मरतात, हे खरे. पण धोका ताटात कमी आणि कापताना, पिसे उपटताना जास्त. रक्त, विष्ठा, आतडी हाताला लागतात. त्याच हाताने कोथिंबीर निवडली जाते, त्याच विळीवर कांदा चिरला जातो. मानमोडीच्या कोंबड्या हाताळणाऱ्यांचे डोळे येतात. शिवाय ती मानमोडीच आहे हे घरी बसून कोण ठरवणार? 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. दोन्ही रोगांची लक्षणे वरवर सारखीच दिसतात. म्हणून दोन-तीन पक्षी पाठोपाठ मेले की आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. उरलेले घाईने बाजारात नेऊन विकणे हा तर माझ्या मते सरळ गुन्हा आहे. आपल्या घरची मर आपण दुसऱ्याच्या अंगणात पोहोचवतो. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकली की कुत्री-कावळे तेच काम करतात. विहिरीपासून दूर खोल खड्डा घेऊन, चुना टाकून पुरावी.

गरिबाला गावठी कोंबडी गमावणे परवडत नाही, हे मला कळते. म्हणूनच लसीचा आग्रह. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी लस पंखाखाली टोचून घ्यायची. अडचण एकच. बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि आपल्या खुराड्यात दहाच. पाणी घालून कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्या चालत नाही. तेव्हा गल्लीने मिळून एक दिवस ठरवावा, एकाने थर्मासात बर्फ घालून बाटली आणावी आणि पहाटे पक्षी डालग्याखाली असतानाच सर्वांचे उरकून घ्यावे. हळदीकुंकवाला बायका जमतात, तशा यालाही जमतील. मर लागल्यावर मात्र धावपळ करून लस देण्यात अर्थ नाही. आजारी पक्षी तिने बरा होत नाही.

बाकी दोन गोष्टी. खुराडे स्वयंपाकघरात किंवा खाटेखाली नको. हवा खेळेल असे अंगणात असावे आणि अंडी काढून आल्यावर पोरांनी साबणाने हात धुवावेत. आणि अशक्त मुलाला कच्चे अंडे दुधात फेटून देणे बंद करा. अंड्याची ताकद उकडल्याने जात नाही.

त्या बाईंची लेकरे मीठ-साखरेच्या पाण्यावर तीन दिवसांत बरी झाली. जाताना त्यांनी विचारले, उरलेल्या तीन कोंबड्यांचे काय करू? मी त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला सांगितले. आणि तोवर नवी पिल्ले त्या खुराड्यात सोडू नका, असेही.