बाग म्हणजे बांधकाम नव्हे म्हणे!

घराची भिंत वाकडी निघाली तर तो दोष. नळ गळू लागला तर तो दोष. फरशी पोकळ वाजली तर तोही दोष. पण घराभोवतीची जमीनच खोटी निघाली, तर तो मात्र दोष नव्हे, ती म्हणे ‘कुरकूर’! हे मत माझे नव्हे. आम्हांला रो-हाऊस विकणाऱ्या बिल्डरसाहेबांचे आहे. आणि दुःखाची गोष्ट ही, की आमच्या वसाहतीतल्या २४ पैकी निदान १५ कुटुंबांचेही तेच मत आहे. “काकू, बागेचं काय एवढं मनावर घेता? बाग म्हणजे काही बांधकाम नव्हे,” असे साहेबांनी मला भर सभेत ऐकवले, आणि त्यावर चार-सहा माना डोलल्या. त्या डोललेल्या मानांसाठी हा लेख आहे. साहेबांशी माझे जे काही आहे ते पत्रव्यवहाराने चालू आहे.

आमची वसाहत पुण्याबाहेर, काल-परवापर्यंत ज्वारीचे रान होते तिथे उभी आहे. विक्रीच्या गुळगुळीत पुस्तिकेत घरांपेक्षा झाडांचीच चित्रे अधिक होती. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द तर तीन पानांवर होते. म्हणजे विकताना बाग हा मुख्य माल, आणि तक्रार करताना तीच बाग म्हणजे वर शिवरलेली कोथिंबीर! हे तर्कशास्त्र कोणत्या शाळेत शिकवतात? मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. आमच्या शाळेत तरी शिकवत नव्हते.

आता ही बाग कशी केली ते सांगते. बांधकाम संपले तेव्हा उरलेला राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, फुटक्या टाइल्स, प्लॅस्टरची ढेकळे, हे सगळे गाडीभाडे देऊन बाहेर नेण्याऐवजी जागच्या जागी पसरले. त्यावरून जेसीबी आणि डंपर फिरून फिरून त्याची पाटा-वरवंट्याने वाटावी तशी वाटण झाली. मग वर चार बोटे लाल माती अंथरली, तीवर हिरवळीचे तयार तुकडे गालिच्यासारखे मांडले आणि फोटो काढले. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे म्हणाले, “काय सुंदर बाग!” लग्नातला मांडवही दुरून असाच सुंदर दिसतो, त्यात कोणी चातुर्मास काढायला जात नाही.

पहिल्याच वर्षी रोपांची पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. साहेबांचा माणूस म्हणाला, “पाणी कमी पडतंय.” छे! पाण्याने हे होत नसते. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी झाली की तिच्यातले लोह झाडाला उचलता येत नाही. लोह समोर असून उपास! मी घरातली पहार घेतली आणि दहा ठिकाणी मारून पाहिली. आठ ठिकाणी ती वीतभरही आत जाईना. फूटभराचा एक खड्डा मोठ्या कष्टाने खणवला आणि त्यात पाणी भरले. बऱ्या जमिनीत ते काही तासांत जिरायला हवे होते. आमच्या खड्ड्यात ते दुसऱ्या दिवशी सकाळीही आभाळ दाखवत होते. मातीवर लिंबू पिळून पाहिले, ती फसफसली. पण हा पुरावा मी सभेत मांडला नाही, कारण आपल्या काळ्या रानातली चुनखडीही लिंबाने फसफसते. टाइलचे तुकडे मात्र टोपलीभर नेऊन दाखवले. ज्वारीच्या रानात टाइल्स पिकत नाहीत, एवढे तरी कबूल व्हावे!

वळवाच्या एका वादळात आमची नऊ झाडे आडवी झाली. जाऊन पाहते तो रोपवाटिकेची काळी पिशवी मुळांना तशीच गुंडाळलेली! मुळे बाहेर वाट न मिळाल्याने आतल्या आत गोल गोल फिरलेली. लावणाऱ्या माळ्याला मी दोष देत नाही. त्या बिचाऱ्याला दोन दिवस दिले होते आणि दोनशे रोपे. पिशवी फाडत बसला असता तर रोजंदारी बुडाली असती. दोष ज्याने दोन दिवस ठरवले त्याचा.

हे झाडांचे झाले. पण ‘झाडे काय, पुन्हा लावता येतील’ म्हणणाऱ्यांनी आमच्या सासूबाईंच्या खोलीत येऊन बसावे. पायाभोवतीचे चर बुजवताना भर थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मसने ठोकायची असते. आमच्याकडे ती नुसती लोटली. दोन पावसाळ्यांत ती बसली, आणि जो उतार घराकडून बाहेर जायचा तो बाहेरून घराकडे आला. आता आमच्या परसातले सारे पाणी जोत्याशी येऊन टेकते. त्या भिंतीशीच हिरवळ. म्हणजे पावसाळा संपला की हिवाळ्या-उन्हाळ्यात रोजचे शिंपण. खाली दख्खनची काळी माती, जी भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिला पायाशी अशी आळीपाळीने भिजवणे आणि वाळवणे म्हणजे घराला हळूहळू हलवणेच. सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांच्या खाटेमागची भिंत ओली, अंथरुणाला कुबट वास, आणि रात्री खोकला. साहेबांनी यावर उपाय कोणता केला? भिंतीला आतून रंग दिला! ओल बाहेरून येते आणि रंग आतून लावतात. आमचे हे शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी तेही म्हणाले, “हा माणूस तापाला पावडर लावतोय.” म्हणजे पाहा, बाग म्हणजे बांधकाम नव्हे म्हणणाऱ्यांच्या बांधकामात ही बागच शिरली आहे.

हिरवळीचा हिशेब तर तोंडी करता येतो. आमची सामाईक हिरवळ ४००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ३७० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तरी १८५० लिटर झाले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी दंडक आहे. म्हणजे १३ माणसांच्या वाट्याचे पाणी हे गवत पिते, आणि आम्ही मेमध्ये टँकरवाल्याला फोन करतो! शेजारच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन त्या हिरवळीवरून जातात, तेव्हा मला तरी मान वर करवत नाही.

आणि जिथे हिरवळ नाही तिथे पेव्हर ब्लॉक, तेही झाडांच्या गळ्याशी भिडवून. झाडाला मुळांशी हवा आणि पाणी लागते हे चौथीचे पोर सांगेल. राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा असा आदेश द्यावा लागला, यावरून शहाण्यांची संख्या किती ते समजावे. पाणी जिरायला जागा ठेवली नाही की ते आपली वाट शोधते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने ती कशी शोधली, हे पुणेकर विसरले नसतील. त्या पुरात २० हून अधिक माणसे गेली. आमच्या वसाहतीतही एक शोषखड्डा आहे. नकाशात आहे, दाखल्यात आहे. उघडून पाहिला तर सिमेंटच्या रबडीने गच्च भरलेला.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा, ज्याला आपण सारे ‘रेरा’ म्हणतो, त्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला, कामाच्या कसबातला किंवा दर्जातला दोष दाखवला, तर तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. न केल्यास भरपाई. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत सामाईक जागांमध्ये उद्याने आणि खेळाची मैदाने स्पष्ट लिहिलेली आहेत. तेव्हा ‘बाग म्हणजे बांधकाम नव्हे’ हे साहेबांचे वाक्य सभेत टाळी घेईल, कायद्यापुढे घेणार नाही.

माझा खरा राग साहेबांवर नाही. ते व्यापारी, जेवढे खपते तेवढे विकतात. राग आहे तो ‘जाऊ द्या हो’ या आपल्या लाडक्या मंत्रावर. स्वयंपाकघरातला ओटा अर्धा इंच उतरता निघाला तेव्हा हीच मंडळी ऑफिसात ठाण मांडून बसली होती आणि आठ दिवसांत ओटा बदलून घेतला. बदलता येण्याजोग्या वस्तूसाठी एवढा त्रागा! आणि ज्याची भरपाई होत नाही त्यासाठी ‘जाऊ द्या’? ओटा एका दुपारी बदलतो. कलमी आंब्याला पहिला मोहोर धरायला चार-पाच वर्षे लागतात. ती पाच वर्षे कोणता गवंडी परत बसवून देणार? सासूबाईंनी ताबा घेतला त्या वर्षी परसात हापूसचे कलम लावायला सांगितले होते. ते राडारोड्यावर गुडघ्याएवढेच राहिले आहे. त्या रोज खिडकीतून त्याच्याकडे पाहतात. मला काही बोलत नाहीत.

काही जण म्हणतात, “काकू, तुमच्या डोक्यात ते जुने अंगण आहे.” मुळीच नाही. माझ्या माहेरच्या अंगणात पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल होई आणि आम्ही विटा टाकून त्यावरून उड्या मारत विहिरीवर जात असू. त्याचे गोडवे मी गात नाही. पण तो चिखल घराबाहेर होता. पागोळ्यांचे पाणी कोणत्या बाजूला जाईल हे ठरवल्याशिवाय माझ्या आजोबांनी जोत्याचा पहिला दगड ठेवू दिला नव्हता, आणि आजोबा काही इंजिनियर नव्हते.

येत्या फेब्रुवारीत आमची पाच वर्षे भरतात. बिल्डरसाहेबांनी एक कागद फिरवला आहे: ‘उद्यानाचे काम समाधानकारक असून सोसायटीने ते ताब्यात घेतले आहे.’ बदल्यात प्रत्येक घराला दोन कुंड्या आणि फाटकाशी एक कारंजे! सोळा सह्या झाल्या आहेत. आठ बाकी आहेत, त्यांतली एक माझी. आमच्या आठ घरांनी वेगळे पत्र धाडले आहे, पोचपावतीसह, आणि त्यात चारच मागण्या आहेत: दोन फूट खोल राडारोडा काढून शेतातली माती भरा, जोत्याभोवतीचा उतार बाहेर काढा, शोषखड्डा मोकळा करा, झाडांभोवतीचे ब्लॉक मीटरभर मागे घ्या. कारंजे नको.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सभा आहे. साहेब येणार आहेत. मी घरातली पहार घेऊन जाणार आहे. बागेत त्यांना हवी ती जागा त्यांनी निवडावी आणि ती पहार आपल्या हाताने एक वीत आत घालून दाखवावी. गेली, तर कागदावर सही करायला माझे पेन तयार आहे.