विमान उडवायचे कोणी?



उतारवयातील छंद म्हटले, की आपण बहुधा बागकाम, वाचन, भजन आणि शब्दकोडी येथे थांबतो. या छंदांना घरातून कोणी हरकत घेत नाही. काही छंदांत मात्र धारदार पाते, तापलेली तार, वेगाने फिरणारे प्रॉपेलर आणि उन्हातले मैदान यांच्याशी गाठ पडते. अशा छंदिष्टाचे वय वाढू लागले, की ‘आता हे बंद करा’ हे वाक्य घरात लवकरच ऐकू येते. आजचा विषय असाच एक छंद आहे : दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांच्या फोमच्या मोठ्या प्रतिकृती बांधणे आणि त्या रिमोटवर उडवणे.

हा छंद मुख्यत्वे इंग्लंड-अमेरिकेत रुजला. तेथे लँकेस्टर, बी-१७ आणि बी-२४ लिबरेटर ही विमाने अनेकांच्या घरच्या आठवणींचा भाग आहेत. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी या युद्धात मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या बॉम्बखाली हॅम्बर्ग व ड्रेस्डेनसारखी शहरे जळाली. या प्रतिकृतींकडे निव्वळ खेळणी म्हणून पाहता येत नाही. नातवंडाने ‘आजोबा, यातून खाली काय टाकायचे?’ असे विचारले, तर खरे उत्तर द्यावे.

आपल्याकडे या छंदाचा धागा लिबरेटरशी जुळतो. महायुद्ध संपल्यावर अनेक लिबरेटर विमाने कानपूरला मागे राहिली. ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोडही केली गेली होती. त्यांतील काही डझन विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुण्याच्या लोहगाव तळावर सहाव्या स्क्वाड्रनकडे ती सागरी टेहळणीसाठी होती.

तरुणपणी तेथे या विमानांच्या देखभालीचे काम केलेले, आता ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ माझे रुग्ण आहेत. खऱ्या लिबरेटरच्या पंखांचा विस्तार सुमारे ३३.५ मीटर. यांनी त्याची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती बांधायला घेतली, म्हणजे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २.८ मीटर. काम निम्मे झाले असताना हात थरथरू लागला, दृष्टी अंधुक झाली, आणि पात्याने बोट कापले. चिरंजीवांनी काळजीपोटी सारे साहित्य कपाटात ठेवून कुलूप लावले. महिनाभराने ते वडिलांना माझ्याकडे घेऊन आले, ते मात्र वेगळ्याच तक्रारीसाठी. ‘डॉक्टर, बाबा नीट जेवत नाहीत, दुपारभर झोपून असतात, बोलतही नाहीत.’

अशा वेळी ‘छंद चालू ठेवावा की बंद करावा?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या छंदातील कोणते काम आता कोणी करावे?’ असे विचारले, की पुष्कळ वाटा दिसू लागतात.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. लँकेस्टर विमानात सात माणसे असत : वैमानिक, उड्डाण-अभियंता, दिशादर्शक, बॉम्ब टाकणारा, बिनतारी संदेशक आणि दोन मशीनगनचालक. लिबरेटरमध्ये त्यांहूनही अधिक. त्यांची प्रतिकृतीही एकट्याच्या जिवावर सुरक्षितपणे उडत नाही. एकाने रिमोट सांभाळावा, दुसऱ्याने शेजारी उभे राहून आकाश व मैदान यांवर लक्ष ठेवावे, उड्डाणाची मिनिटे मोजावीत. म्हणून कामांची वाटणी करणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा मान कमी करणे नव्हे. या विमानांची रीतच तशी आहे.

आता कामे एकेक करून पाहू.

फोम कापणे : तापलेल्या तारेने फोम कापताना निघणारा धूर आणि घासताना उडणारी भुकटी दमेकऱ्यांना व जुनाट श्वासविकार असणाऱ्यांना त्रासदायक ठरते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर चटका बसल्याचे लवकर कळतही नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लहानशी चीरही बराच वेळ वाहते. म्हणून हे काम तरुण हातांकडे द्यावे आणि तेही हवेशीर जागेत, मास्क लावून करावे.

जोडणी : हे काम ज्येष्ठांनी अवश्य करावे. झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोल विरघळवतो, म्हणून पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरतात. पांढरा गोंद सुकायला वेळ घेतो, ते थरथरणाऱ्या हाताच्या सोयीचेच आहे, कारण चुकलेला तुकडा सरकवून घेता येतो. मेज कोपराच्या उंचीचे असावे, प्रकाश भरपूर असावा, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

तोल साधणे : विमानाचा गुरुत्वमध्य ठरल्या जागी आला नाही, तर ते उडताच कोसळते. शेपटीकडे थोडे वजन वाढले, तरी नाकाकडे त्याच्या कितीतरी पट वजन घालावे लागते. या कामाला ताकद लागत नाही, अनुभव लागतो. ते घरातील जाणत्याचेच काम.

बॅटरी व मोटर : लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज होत असताना तिला एकटी सोडू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मोटर तपासताना प्रॉपेलर काढून ठेवावेत. या मोटरमध्ये शक्तिमान चुंबक असतात. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी मोटर छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावी, सदऱ्याच्या खिशात कधीच ठेवू नये, आणि रिमोट वापरण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

प्रत्यक्ष उड्डाण : येथे घरच्यांनी घाईने निर्णय करू नये. बहुतेक रिमोटमध्ये अशी जुळणी करता येते, की दांडी थोडी हलली तर विमान अगदी थोडाच प्रतिसाद देते. त्यामुळे हाताची सौम्य थरथर विमानापर्यंत पोहोचत नाही. दोन रिमोट एकमेकांना जोडण्याचीही सोय असते. आजोबा उडवत असताना नातू कोणत्याही क्षणी नियंत्रण आपल्याकडे घेऊ शकतो. मान वर करून पाहताना चक्कर येत असेल, तर उंच पाठीची खुर्ची घ्यावी. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पहाटे मैदानावर जाऊ नये. मैदानाची निवडही जपून करावी. आपल्याकडे अशा प्रतिकृतींनाही २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात, आणि विमानतळाच्या परिसरात परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही.

काळजीवाहूंसाठी एक विशेष सूचना. विमान आपल्याकडे येत असते, तेव्हा उजवे-डावे उलटे भासते. सरावलेला माणूस ते सहज सांभाळतो. अशा माणसाचा वारंवार गोंधळ होऊ लागला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. मोतीबिंदू, काचबिंदू, रक्तातील साखर उतरणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नवे झोपेचे औषध किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांपैकी काहीही असू शकते. तपासून घ्या, आणि कारण कळेपर्यंत विमान जमिनीवरच राहू द्या. थरथरीचेही तसेच. काम करताना जाणवणारी थरथर आणि हात स्वस्थ असताना एकाच बाजूला दिसणारी थरथर या निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात हालचाली मंदावल्या असतील, तर कंपवाताची शक्यता पाहावी लागते. थायरॉइडचा अतिरेक व दम्याची काही औषधेही हात थरथरवतात. यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहेत.

त्या गृहस्थांच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली. थरथर काम करताना येणाऱ्या प्रकारची निघाली. कुलूप काढले गेले आणि कामे वाटली गेली : कापणे मुलाकडे, उड्डाण नातीकडे, जोडणी व तोल आजोबांकडे. मैदानावर ते नातीच्या शेजारी खुर्चीत बसतात, मिनिटे मोजतात आणि ‘आता उतरव’ म्हणतात. स्वतः रिमोट हाती घेता येत नाही याची खंत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली; ती खरी आहे आणि कोणत्याही औषधाने जाणारी नाही. मात्र ते आता वेळेवर जेवतात आणि दुपारी जागे असतात.

आपल्या घरीही असा एखादा कुलूपबंद छंद असेल. शिवणयंत्र असेल, सुतारकीची पेटी असेल, तबला असेल. या पंधरवड्यात एके संध्याकाळी वडीलधाऱ्यांसमवेत बसा आणि त्या छंदातील सगळी कामे कागदावर लिहा. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा : स्वतः करणार, कोणाच्या सोबतीने करणार, दुसऱ्याकडे देणार. खुणा करण्याचे पेन मात्र त्यांच्या हातात असू द्या. मग तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. औषधांच्या यादीइतकाच तो आम्हाला उपयोगी पडतो.