हुकमी हुंदका

आमच्या भाच्याने नट व्हायचे ठरवले, याला माझी काडीचीही हरकत नाही. हरकत आहे ती त्याने त्यासाठी लावलेल्या क्लासला. पंधरा दिवसांचा क्लास. विषय, 'ऑडिशन हमखास कशी द्यावी'. फीचा आकडा ऐकून मी आधी ताईच्या हातांकडे पाहिले. पाटल्या नव्हत्या.

आता ऑडिशनचेही काही तंत्र असते, हे मला कबूल आहे. नाव, वय, उंची सांगावी, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू दाखवावी. घरून टेप पाठवायची तर मोबाइल आडवा ठेवावा, उजेड तोंडावर घ्यावा आणि समोरच्या पात्राची वाक्ये वाचणाऱ्याला कॅमेऱ्याला चिकटून बसवावे, म्हणजे नजर भलतीकडे जात नाही. झाले! एवढे शिकवायला अर्धा दिवस पुष्कळ झाला, तोही चहाची सुट्टी धरून. मग उरलेले साडेचौदा दिवस हे लोक करतात काय?

रडायला शिकवतात! भाचा मनातल्या मनात तीन आकडे मोजतो आणि रडतो.

एका संध्याकाळी त्याने मला वाक्ये वाचायला बसवले. "मामा, तुम्ही नुसतं वाचा हं. अ‍ॅक्टिंग नको." हा अपमान मी गिळला. माझे वाक्य होते, 'मी तुला कधीच क्षमा करणार नाही.' पाचव्या खेपेला कंटाळून मी म्हणालो, "अरे, गॅसवर दूध ठेवलंय, बघ जरा." पठ्ठ्याने तीन आकडे मोजले आणि हुंदका दिला! दूध उतू गेले ते गेलेच.

माझे भांडण आहे ते इथे. भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय सांगितला. समोरच्याचे न ऐकता करायचा पाचवा प्रकार त्यांना काही सुचला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात हीच विद्या शिकायला तीन वर्षे लागतात. पुण्यात १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू झाला, तेव्हापासून कॉलेजची पोरे एका एकांकिकेसाठी आठवडेच्या आठवडे तालमी करत आली आहेत. तिथे समोरच्याने वाक्य खाल्ले तर सावरून घ्यावे लागते, म्हणून कान उघडे ठेवायची सवय लागते. आणि त्यासाठी कुणाच्या आईला पाटल्या मोडाव्या लागत नाहीत.

अखेर भाचा मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात जाऊन आला. तिथे कास्टिंगवाल्यांच्या कचेऱ्यांची दाटी आहे. दोन तास रांगेत उभे राहिल्यावर एका दारात कुणीतरी त्याचे तोंड पाहिले आणि म्हणाले, 'नॉट फिट.' तीन आकडे मोजायलाही सवड मिळाली नाही. 'हमखास'मध्ये हा धडा नव्हता. हे सगळे त्याने मला जिन्यात सांगितले.

वर आल्यावर ताईने विचारले, "कसं झालं रे?"

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "छान झालं, आई. कळवतो म्हणालेत."

ताईनेही त्याच्याकडे पाहिले. "होय का? मग आधी जेवून घे. आमटी गरम आहे."

दोघांनीही एकमेकांचे वाक्य नीट ऐकले होते. हुंदका कुणीच दिला नाही. क्लासच्या मास्तरांना त्या दिवशी आमच्याकडे जेवायला बोलवायला हवे होते.