व्याख्यान संपल्यावर काय उरते?

आपल्या गावच्या मंडळात विमाने आणि युद्धांचा इतिहास या विषयावर पाहुण्यांची व्याख्याने होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. सीमाभागाला व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी येथील साहित्य संमेलनांना माणसे शेतातली कामे उरकून येतात आणि शेवटपर्यंत बसतात. त्यामुळे व्याख्याने असावीत की नसावीत, हा प्रश्नच नाही. हार घातला, श्रीफळ दिले, आभार मानले आणि चहा झाला, यानंतर मुलांच्या हाती काय उरते, हा माझा प्रश्न आहे.

मागे एका व्याख्यानाला मी आपल्या शाळेतील काही मुलांबरोबर गेलो होतो. पाहुण्यांनी १९४० साली इंग्लंडच्या आकाशात झालेल्या लढाईची माहिती फार छान सांगितली. शेवटी सातवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, आमच्या सांबऱ्याहून कधी लढाईला विमाने गेली होती का?" पाहुण्यांना ते ठाऊक नव्हते आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितले. शेवटच्या रांगेत बसलेले एक आजोबा मात्र बाहेर पडताना त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेली होती की रे बाळा. तवा मी धाकटा होतो बघ. गोव्याच्या लढाईला हितनंच गेली. शंभरभर तरी असतील."

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीतच बसलेले होते, पण त्याला कुणी व्यासपीठावर बोलावले नव्हते.

सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने बांधला. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्याचे ते दिवस. आग्नेय आशियातील युद्धासाठी लागणारे प्रशिक्षण देण्यास ही जागा उपयोगी पडली. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी ऑपरेशन विजय झाले. त्यातील हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारती शाबूत ठेवायच्या, असा त्यांना आदेश होता. सांबऱ्याहून निघालेल्या सतराव्या स्क्वाड्रनच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

येथून पणजी हवाई मार्गाने शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. हंटरसारख्या जेट विमानाला हे अंतर सातआठ मिनिटांचे. नकाशा भिंतीवर लावून मुलांकडून हे गणित सोडवून घेतले, तर सांबऱ्याचीच निवड का झाली हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच सतराव्या स्क्वाड्रनकडे २०२० साली देशातील पहिली राफेल विमाने आली, हे सांगितले तर आजच्या मुलालाही तो इतिहास जवळचा वाटेल.

आता आजोबांची "शंभरभर" विमाने पाहा. बांबोळीच्या हल्ल्यात हंटर होती सहा. म्हणून आजोबा खोटे बोलले, असे म्हणायचे का? मुळीच नाही. लहान वय, कानठळ्या बसवणारा आवाज, पुन्हा पुन्हा होणारी ये-जा आणि मध्ये गेलेली साठांहून अधिक वर्षे, यांमुळे आकडा वाढू शकतो. आठवण आपल्याला त्या सकाळी गावाला काय वाटले ते सांगते, आणि नोंद काय घडले ते सांगते. मुलांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडायला शिकावे. व्याख्यानाचा खरा उपयोग हाच आहे.

दावा तपासून पाहण्याची ही सवय विमानांच्या बाबतीत तर फारच गरजेची आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, विमान उडवले असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा मिळत नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा अशा वेळी दाखला देतात, त्याचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाहुण्यांनी असे काही सांगितले आणि मुलांनी नुसत्याच टाळ्या वाजवल्या, तर तो दोष मुलांचा नसून आपला आहे. "हे कशावरून?" असे नम्रपणे विचारणे हा उद्धटपणा नाही, हे आपणच त्यांना शिकवायला हवे.

अभिमान बाळगण्यासारखे खरे काही आपल्याकडे कमी आहे का? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत, सोबतचे सारे जवान पडल्यावर, एकट्याने मशिनगनवर चाल केली. तेथेच त्यांना वीरमरण आले. वय होते अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच बटालियन १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. १९६१ मध्ये ती गोव्याच्या मोहिमेत होती आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे विमानांतून उडी घेऊन तिने ढाक्याकडे माघारी जाणाऱ्या शत्रूची वाट अडवली. पायदळ आणि विमान यांचा इतिहास असा एकाच धाग्यात सापडतो.

काही पालक म्हणतील, "गुरुजी, पोरांना भरतीची माहिती द्या, हा इतिहास कशाला?" त्यांची अडचण मला समजते. आपल्या भागातील अनेक मुले पहाटे धावण्याचा सराव करतात. सांबऱ्याच्या हवाई दल प्रशिक्षण केंद्रातून डिसेंबर २०२३ मध्ये महिला अग्निवीरवायूंची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा आता मुलींनाही तो रस्ता खुला आहे. भरतीचे मार्गदर्शन जरूर व्हावे. पण सैन्यात जाणाऱ्या मुलाला युद्ध म्हणजे काय, हे आधी कळलेले असावे. त्यात पराक्रम असतो, तशी न परतलेली माणसे आणि वाट पाहणारी घरेही असतात. जो सैन्यात जाणार नाही, त्यालाही नागरिक म्हणून हे कळणे आवश्यक आहे.

म्हणून विश्वस्त मंडळ, पालक आणि गावचे मंडळ यांच्यापुढे चार साध्या सूचना ठेवतो. व्याख्यान चाळीस मिनिटांचे असावे आणि पुढची वीस मिनिटे प्रश्नांची, तीही आधी विद्यार्थ्यांची. प्रत्येक व्याख्यानाचे टिपण दोन विद्यार्थ्यांनी करावे आणि ते याच अंकात छापावे. वर्षातील निम्मी व्याख्याने आपल्याच भागातील माणसांची असावीत: निवृत्त जवान, हवाई दलातील निवृत्त कर्मचारी, विमानतळावर कामाला गेलेले मजूर, आणि धावपट्टी होण्यापूर्वी तेथे काय होते हे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आज्या. चौथी सूचना म्हणजे त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयात जपावे. अर्थात हवाई दलाच्या आजच्या कामाविषयी काही विचारू नये आणि तेथील फोटो काढू नयेत, ही शिस्त मुलांना आधी सांगावी.

याला पैसा फारसा लागणार नाही, पण वेळ मात्र थोडा उरला आहे. १९४२ साली धावपट्टी होताना पाहिलेली माणसे आता क्वचितच असतील. १९६१ साली दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. पाहुणे पुढच्या वर्षीही येतील, पण शेवटच्या रांगेतले आजोबा असतीलच असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या व्याख्यानाला जाताना वही बरोबर न्या. आणि त्याआधी, आज संध्याकाळी घरी गेल्यावर, आजीआजोबांना एक तरी प्रश्न विचारा.