इंजिनाने माती खाल्ली!

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली आमची १९७८ ची पद्मिनी. तिच्या १०८९ सीसी इंजिनाला जोर यावा म्हणून मी क्रँकचा ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक ७९ करवला. भाऊबीजेला पार्ल्याला बहिणीकडे गाडीनेच जायचे, असा बेत!

बोरीवलीचे आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, घाई नको. रॉड-पिस्टन तेच, म्हणजे पिस्टन दोन मिलिमीटर वर चढणार, दोन खाली उतरणार. रॉड ब्लॉकला घासेल, व्हॉल्व पिस्टनला भिडेल. आधी हाताने फिरवू."

मुलांच्या खेळातली मऊ माती पिस्टनवर थापली, हेड आवळले, क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले. हेड उघडले, तो मातीत व्हॉल्वचा ठसा जवळजवळ आरपार! स्टार्टर मारला असता तर?

पार्ल्याला लोकलनेच गेलो. ओवाळताना बहीण म्हणाली, "दादा, गाडी कुठाय?"

म्हटले, "इंजिनाने माती खाल्ली, म्हणून मी वाचलो!"