उसास दोष देणाऱ्यांस सवाल

शेतकरी बंधूंनो, शहरांतील विद्वान आपणांस उपदेश करितात कीं, ऊस पाणी फार पितो, तो सोडा व कडधान्य पेरा. ऊस पाणी पितो हें खोटें नाहीं. बागाइताच्या विहिरीपायीं कोरडवाहू भावाची विहीर आटते, हेंही आम्ही जाणतों. पण कडधान्य पेरून पाहिलेल्यांचें काय झालें, तें या विद्वानांनीं ऐकावें.

सन २०१५ मध्यें तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरांत गेली. तो भाव ऐकून दुसऱ्या वर्षीं मराठवाड्यांत व वऱ्हाडांत आमच्या लोकांनीं तूर पेरली. पाऊसही बरा झाला. सरकारनें बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर केला होता. पण २०१७ सालीं माल बाजारांत आला, तों भाव हमीभावाखालीं घसरलेला! खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदान संपलें, मापें थांबलीं. ज्याच्या दारीं सावकार बसला आहे, तो रांगेंत किती दिवस तिष्ठणार? त्यानें पडेल भावानें तूर घातली. उपदेशक तेव्हां कोठें होते?

ही फसगत जुनीच आहे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ लढाई चालली, तेव्हां कापसास सोन्याचा भाव आला आणि सावकारानेंही हात सैल सोडला. लढाई सरली, भाव गेला, कर्ज मात्र राहिलें. १८७५ सालीं सुप्यास कुणब्यांनीं कर्जरोखे जाळले.

पेरतांना ऐकलेला भाव विकतांना मिळत नाहीं, हें कुणबी जाणतो. म्हणूनच कोरडवाहू गडी कपाशींत तुरीचीं तासें घालतो, बांधाकडे थोडी ज्वारी पेरतो. दाणा घराला, कडबा बैलांना. एक बुडालें तर दुसरें हातीं लागतें. यास अडाणीपणा म्हणणाऱ्यांनीं आपला पगार एकदां पावसावर लावून पाहावा. आणि पाणी असलेला ऊस लावितो, कारण उसाचा किमान दर कायद्यानें ठरतो, पैसे १४ दिवसांत द्यावे असा नियम आहे, बँकही पीककर्ज अधिक देते. कारखाने तो नियम पुष्कळदां मोडतात. तरी भांडावयास कागद तरी असतो. तुरीवाल्याजवळ काय असतें?

पीक बदलावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मृगापूर्वीं गांवांत यावें आणि कोणत्या भावानें, कोणत्या महिन्यांत, किती माल उचलणार, तें चावडीवर लिहून द्यावें.